चौथी काडी

आमच्या कारखान्यात सहाला काम बंद होतं. सहाला म्हणजे सहाला. जिन्याखालच्या फळीवर मेन स्विच आहे, तो मी स्वतः पाडते. सुई कापडात असो, बाही अर्धी लागलेली असो. "सहा वाजले," एवढंच म्हणते आणि खटका खाली. बावीस मशिनी एका दमात गप्प होतात. मग वर यायचं, पाण्याबरोबर हृदयाची गोळी घ्यायची, रेडिओ लावायचा. पस्तीस वर्षं असंच चाललंय. एकदा एक शिवणारी म्हणाली होती, बाई, टाका तरी पुरा करू द्या. तिला म्हटलं, उद्या कर, टाका काही पळून जात नाही.

शाळेत मी चार वर्षं गेले, तीही अधूनमधून. अक्षरं सुटी सुटी ओळखते, मग जोडते. पण बावीस मशिनींचा कारखाना शिकलेल्यांनी नाही उभा केला, मी केला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून म्हातारीला काही कळत नव्हतं असं कुणी म्हणायला नको. मला सगळं कळत होतं.

खाली कारखाना, वर घर. वर माझी खोली, सुनेची खोली आणि मागची खोली. मागची खोली पूर्वी दोऱ्याची कोठी होती. दगडी भिंती, लोखंडी फडताळं, छताजवळ एक झरोका. तिथे फोनला रेंज येत नाही. दार फुगलेलं, बंद झालं की आतून ओढून निघत नाही, बाहेरून कुणीतरी खांदा द्यावा लागतो. माझा धाकटा मुलगा त्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसायचा. आमच्या कपड्यांचे कागदी साचे काढायचा, बाहेरच्या कंपन्यांचेही काढायचा. हुशार होता, माझ्यावर गेला होता. फक्त छाती बापाची घेतली. दम लागायचा, खिशात पंप ठेवावा लागायचा.

वायफायचा डबा माझ्या खोलीत, उशामागच्या भिंतीवर. त्याचं बटणही मी सहालाच बंद करायची. कारखाना बंद तर घर बंद. धाकट्यानं चिडून त्या वायफायला नाव दिलं होतं, "सहापर्यंतच". आल्यागेल्याच्या फोनवर ते नाव दिसायचं, लोक हसायचे. खरं सांगायचं तर मलाही आवडलं होतं.

डबा बंद केला की तो पलीकडून भिंतीवर तीनदा ठोकायचा. म्हणजे, आई, चालू कर. मी रेडिओचा आवाज वाढवायची. मायलेकरांचं रोजचं बोलणं म्हणा.

चौदा महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, सहाला दोन मिनिटं कमी असताना तो आतून ओरडला, "आई, दोन मिनिटं थांब, एक पाठवतोय." मी म्हटलं, "सहा वाजले." बटण बंद केलं. खाली जाऊन स्विच पाडला, वर आले, गोळी घेतली. त्यानं भिंतीवर ठोकलं. मी रेडिओ वाढवला. त्यानं पुन्हा ठोकलं. मी आणखी वाढवला. नंतर ठोकणं थांबलं, तेव्हा मनात आलं, आला वठणीवर. रात्री जेवायला आला नाही, म्हटलं रुसलाय.

सकाळी दार खांद्यानं उघडलं ते मीच. डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका, काल संध्याकाळी सहा ते सातच्या मधला. पंप फडताळाखाली घरंगळला होता. फोन हातात होता. बोटं सोडवून तो मी काढून घेतला, कापडात गुंडाळला आणि माझ्या कपाटात ठेवला. सून तेव्हा लेकीला घेऊन चार दिवस माहेरी गेली होती. तिनं नंतर फोन विचारला. मी सांगितलं, त्या गडबडीत कुठे गेला कोण जाणे.

मी रडले की नाही हे लोक अजून विचारतात. त्यांना काय करायचंय?

वर्षभर सुनेला बसून जेवू घातलं. मग एक दिवस समोर बसवून स्पष्ट सांगितलं. त्याचा कॉम्प्युटर चालू कर, त्याचं काम उचल, तूही शिकली आहेस त्याच्याकडून. महिनाअखेरीपर्यंत जमलं तर या घरात जागा आहे. नाही जमलं तर आईकडे जा, आणि एकटी जा. नात इथे राहील. पाच वर्षांची आहे, तिला माझी सवय आहे, आणि ती माझ्या मुलाची आहे.

तिनं मान खाली घातली. तशी ती नेहमीच घालायची. मला वाटायचं तिला कणा नाही.

कॉम्प्युटर जागच्या जागी होता, पण त्याला नेट आणणारी वायर मी भिंत रंगवताना उपटून फेकली होती. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात चष्मा, बोलताना स्क्रूड्रायव्हर कानात घालणारा. तो म्हणाला, वायर ओढायची तर दगड फोडावा लागेल, त्यापेक्षा मागे एक बोटाएवढा अडॅप्टर खोचा, तो हवेतून वायफाय पकडतो. मी त्या वस्तूला काडी म्हणायला लागले, मग सगळेच म्हणायला लागले.

पण काडी मिळेना. कॉम्प्युटरवर धाकट्यानं विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं. दुरुस्तीवाल्यानं मला समजावलं, काकू, बाजारातल्या काड्या विंडोजसाठी असतात. लिनक्सला वरचं नाव बघून चालत नाही, आतली चिप बघावी लागते, आणि चिप कोणती ते पाकिटावर कुणी छापत नाही. एकाच नावाच्या दोन काड्यांत दोन वेगळ्या चिपा निघतात. मला नवल वाटलं नाही. कापडाचंही तसंच असतं, शिक्का एकाचा आणि सूत दुसऱ्याचं. तो म्हणाला, सगळं पुसून विंडोज घालू का? सुनेनं कॉम्प्युटरवर हात ठेवला. त्यात त्याचे साचे होते, त्याची अक्षरं होती. म्हणाली, पुसायचं नाही.

पहिली काडी लावली, तिचा दिवाच लागला नाही. मेलेल्या किड्यासारखी चिकटून बसली.

दुसरीचा दिवा लागला, पण ती ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, मागायला लागली. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि नेट यायला ड्रायव्हर हवा. कपाटाची किल्ली कपाटात. सुनेनं तो फोनवर उतरवला, पेनड्राइव्हवर घेतला, काळ्या पडद्यावर काय काय ओळी लिहिल्या. तीन दिवस खपली. शेवटी चाललं. नातीला उचलून गोल फिरवलं तिनं. पाचव्या दिवशी लिनक्सनं स्वतःहून काहीतरी नवीन घालून घेतलं आणि काडी पुन्हा मुकी झाली. मी दारात उभी राहून म्हटलं, "नाचून झालं का?"

तिसरी काडी चांगली होती. हे सुनेला तेव्हा कळलं नाही. ती आत जाऊन बसली की मी डबा बंद करायची. बाहेर येऊन फोनवर बघायला लागली की चालू. दुरुस्तीवाला आला तेव्हा सगळे दिवे लखलखत होते. तो गेला की पुन्हा तेच. त्यानं डोकं खाजवलं, म्हणाला, काडी तापत असेल. सुनेनं ती परत देऊन टाकली. त्या रात्री मला छान झोप लागली. मला सून जायला हवी होती, आणि नात राहायला हवी होती. एवढं साधं होतं.

महिन्याची शेवटची तारीख आली. तिची पेटी भरलेली मी बघितली होती. पेटीत लेकीचा एकही कपडा नव्हता, मी मोजून काढून ठेवले होते.

चारच्या सुमारास दुरुस्तीवाला चौथी काडी घेऊन आला. पाकीट नाही, नाव नाही. म्हणाला, खणात तळाशी पडली होती, कुणी टाकली आठवत नाही, पण हिच्यातली चिप जुनी आहे, लिनक्स हिला स्वतःहून ओळखतं. काळी होती. टोपण दातांनी चावलेलं.

सुनेनं ती हातात घेतली आणि टोपण अंगठ्यानं चाचपत राहिली. धाकटा सगळ्याची टोपणं चावायचा. पेनांची, डब्यांची, औषधाच्या बाटल्यांची. पण तसे चावणारे हजार असतील. मी खोलीत गेले, डबा भिंतीवरूनच काढला, त्याची वायर त्यालाच गुंडाळली, कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. बटणाचा खेळ पुरे झाला होता.

काडी खोचल्याबरोबर तिचा दिवा लागला. "ओळखलं," असं दुरुस्तीवाला म्हणाल्याचं मला भिंतीतून ऐकू आलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, काकू, डबा चालू आहे ना? मी बिछान्यावरून सांगितलं, आहे. साडेपाचपर्यंत तो खटपट करत होता. जाताना म्हणाला, काडी उत्तम आहे, पण तिला आसपास एकही वायफाय दिसत नाही, हे मी कधी बघितलं नाही.

सून उठली नाही. काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

सहाला मी खाली गेले. "सहा वाजले," म्हटलं, स्विच पाडला. बायका गेल्या. मी वर येऊन गोळी घेतली. रेडिओकडे हात नेला तर सून दारात.

"आई, लागलं."

"काय लागलं?"

"वायफाय. तुम्ही नाव बदललंत का त्याचं?"

मी तिच्यामागे गेले. काडीचा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर एकच नाव होतं. मी अक्षरं जोडली. स, हा, नं, त, र.

"पासवर्ड विचारला नाही," ती म्हणाली. "हे आधीच साठवलेलं आहे म्हणतंय."

मी कमरेची किल्ली चाचपली. खोलीत येऊन कपाट उघडलं. डबा थंड होता, वायर होती तशी गुंडाळलेली. त्याच्या बाजूला कापडातला फोन. तेरा महिने त्याला वीज लागली नव्हती. सहज म्हणून हात लावला. कापड कोमट होतं, नुकतंच अंगावरून काढल्यासारखं.

मी कपाट लावून घेतलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा, मग वाजतच राहिला. अकरा वेळा. वर धाकट्याचं नाव. मी बिछान्यावर बसले आणि एकेक अक्षर जोडत गेले. मला वेळ लागतो.

आई डबा चालू कर.

पंप सापडत नाही.

फोन लागत नाही इथून.

दार निघत नाही.

पुढचे तीनचार नुसते "आई" होते. मग, ठोकतोय. मग, ऐकतेस ना. शेवटचा वाचायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यात अक्षरं चुकली होती.

रेडिओ वाढवलास तू.

प्रत्येकाखाली तारीख त्याच मंगळवारची.

पलीकडे सुनेचा फोन वाजत होता. तिलाही आले होते. ती माझ्यापेक्षा भराभर वाचते. मी तिची पावलं मोजली. खोलीतून बाहेर, व्हरांड्यातून सात, माझ्या दारात एक.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, पस्तीस वर्षांचा नियम आहे, तुझ्यासाठी किंवा त्याच्यासाठी मोडायचा नव्हता. ती ओरडली नाही.

"त्याचा फोन द्या."

"माझ्याकडे नाही. कितीदा सांगायचं?"

कपाटात फोन वाजला.

आम्ही दोघी कपाटाकडे बघत होतो. तो पुन्हा वाजला. ती पुढे आली, माझ्या कमरेची किल्ली काढून घेतली. मी हात धरायला गेले, तर तिनं तो बाजूला केला, सहज, कापडाचा तुकडा सरकवावा तसा. कपाट उघडलं. आधी डबा बघितला, गुंडाळलेली वायर बघितली. तिसऱ्या काडीचं तेव्हा तिला कळलं असावं. मग फोन घेतला. पडद्यावर काय होतं ते तिनं मला दाखवलं नाही. बराच वेळ वाचत होती, मग एक लांब श्वास सोडला.

नातीचे कपडे तिनं स्वतः शोधून पेटीत भरले. लेकीला कडेवर घेतलं. मी म्हटलं, तुझं नेट लागलंय, अट पुरी झाली, आता राहा. मी असं कुणाला कधी म्हटलेलं नाही.

ती जिन्याच्या तोंडाशी थांबली. "कॉम्प्युटर इथेच ठेवते," म्हणाली. "काडी काढू नका. त्याचं तुमच्याशी काम आहे."

नात माझ्याकडे बघून हात हलवत होती. तिच्या आईनं तिचा हात धरून खाली केला.

याला तीन आठवडे झाले. मी सुनेला रोज निरोप पाठवते. नातीला दे, नातीशी बोलू दे, एकदा आवाज ऐकव. एकच बरोबरची खूण येते. बायका सांगतात, एक खूण म्हणजे पोचलंच नाही. काडी मी दोनदा उपटून खणात टाकली. दोन्ही वेळा सकाळी जागेवर होती. मी नाद सोडला. कारखाना चालवायचा आहे, एका काडीच्या मागे किती लागायचं.

आज कापणाऱ्याला थंडीच्या कपड्यांच्या बाहीचा जुना साचा हवा होता. तो मागच्या खोलीतल्या फडताळात. पावणेसहाला मी वर गेले. दाराला खुर्ची लावली होती, हे मला पक्कं आठवतं. वरच्या फळीवरून साच्यांची गुंडाळी काढली आणि वळले तर दार बंद होतं.

ओढलं. निघालं नाही. ते आतून निघत नाहीच.

हाका मारल्या. खाली बावीस मशिनी चालू, त्या आवाजात कोण ऐकणार. म्हटलं, सहाला स्विच पाडायला मी गेले नाही की शोधत येतील.

सहा वाजले. मशिनी बंद झाल्या. बावीसच्या बावीस, एका दमात.

स्विच तर मीच पाडते.

खाली बायकांच्या चपला वाजल्या, शटर पडलं. मी झरोक्याकडे तोंड करून ओरडले. रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू केली. मग कुणी नाही.

छातीवर कुणी हात ठेवावा तसं व्हायला लागलं. गोळीची वेळ झाली होती. गोळ्या भिंतीपलीकडे, उशाशी, पाण्याचा तांब्या शेजारी. मी खुर्चीवर बसले. कॉम्प्युटर मी चालू केला नव्हता. काडीचा दिवा लुकलुकत होता.

माझ्या फोनला इथे रेंज नसते. पण कोपऱ्यात वायफायची खूण आली होती. मी सुनेला लिहिलं, दार अडकलंय, कुणाला तरी पाठव. एक खूण. थांबले. एकच खूण.

मग मी फोनवर धाकट्याचं नाव काढलं. अक्षरं मिळत नव्हती.

दार अडकलंय. छातीत दुखतंय. दोन मिनिटं.

दोन खुणा आल्या. मग त्या निळ्या झाल्या.

नावाखाली दिसायला लागलं, लिहीत आहे. बराच वेळ लिहीत होता. मला वाटलं, मोठं काहीतरी येईल. शिव्या येतील. येऊ देत, म्हटलं, आपलाच आहे.

दोनच शब्द आले. ते मला जोडावे लागले नाहीत, बघताक्षणी वाचता आले.

सहा वाजले.

काडीचा दिवा विझला.

मी भिंतीपाशी गेले. दगडावर एका जागी रंगाचे पोपडे निघालेत, माझ्या कमरेच्या उंचीवर, खाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे. मी बसले. तीनदा ठोकलं.

पलीकडे, माझ्या खोलीत, रेडिओ लागला.

मी पुन्हा ठोकलं.

रेडिओचा आवाज वाढला.